प्रतिकृतीचे सत्य

लाटंबार्से गावी बसून फ्रान्समधल्या शर्यतीच्या मोटारीचा विचार करणे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून फळे घडवीत आले. त्या फळांत रस का नाही, असे आपण त्यांस कधी विचारीत नाही. मग प्रतिकृतीकडून कोणत्या सत्याची अपेक्षा करावी?

खाचेच्या मार्गावर विजेने पळणाऱ्या चिमुकल्या मोटारी स्वहस्ते घडविण्याचा एक छंद आहे. १९२४ साली लियाँच्या शर्यतीत प्रथम उतरलेली बुगाटी ३५ घ्या. तिच्या दोन आसांतील अंतर २४०० मिलिमीटर. बत्तिसाव्या हिश्शाने ते ७५ भरते. कारागीर लाकूड तासून तिचा देह घडवितो, पितळेचा सांगाडा जोडतो, चाकांचे आठ आठ आरे कोरतो. मात्र आठ सिलिंडरांच्या इंजिनाऐवजी आत विजेचे लहानसे यंत्र बसते, आणि पुढे खाली एक पाते खाचेत शिरून गाडीस वाट दाखविते. हा फरक उघड आणि अपरिहार्य आहे. त्यास आम्ही असत्य म्हणणार नाही.

पण वळणावर घसरू नये म्हणून तळाशी लोहचुंबक लपविला, अरुंद चाके रुंद केली, तर? नियमांची आडकाठी नसेल तेथे असे करणारा लबाड नव्हे, हे मान्य. तथापि मूळ गाडी वळणावर घसरे आणि चालक तिला सावरी. तो धोकाच काढून घेतला की उरते केवळ रूप. अशा गाडीने शर्यत जिंकली तर जिंकले कोण, हे आम्हांस उमगत नाही. चुंबकाविना शेवटी आलेली बुगाटी मात्र आम्ही हौसेने पुन्हा पाहू.