घास

माझा नातू नऊ वर्षांचा आहे. जेवताना त्याच्या घासातलं अर्धं अंगावर सांडतं आणि मी समोर बसून बघत राहतो. आयुष्यात विहीर खोदली, सुरुंगाच्या वाती पेटवल्या, पण त्याहून हे अवघड. हात आपोआप पुढं जातो. तो आवरायला मला दोन वर्षं लागली.

नातवाला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मला तेव्हा उशिरा रडला, मेंदूला इजा झाली. ही इजा वाढत नाही आणि भरूनही येत नाही. अंगाला मात्र वळण लावता येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही त्यातलं ‘भरून येत नाही’ एवढंच ऐकलं. मग नवस, अंगारे, लांबलांबचे वैद्य, सगळं झालं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तीन खेपा झाल्या. माझ्या वेळी मॅट्रिकला ३५ टक्क्यांना पास करायचे, या दाखल्यात ४० ला पास. नातवाला ७५ पडले. आमच्या खानदानात एवढे कुणाला पडले नव्हते, असं मी एसटीत म्हणालो आणि सून खिडकीकडं तोंड करून बसली. तेव्हा गप बसायला पाहिजे होतं.

त्याला बघितलं की मला चुलत भाऊ आठवतो. बाहत्तरच्या दुष्काळात गाव खडी फोडायला जायचं आणि तो पडवीत वाकळंवर पडून असायचा. गाव त्याला पांगळा म्हणायचं. संध्याकाळी दमूनभागून चुलती यायची आणि हात धुऊन पहिल्यांदा त्याला सुकडी कालवून भरवायची. मांडीवर आडवा घ्यायची, मान मागं टेकवायची आणि घास वरून सोडायची. तो ठसकायचा, खोकायचा. ती छाती चोळायची आणि पुढचा घास द्यायची. त्याच्या छातीत कायम कफ. सतराव्या-अठराव्या वर्षी त्यातच गेला. गाव म्हणालं, सुटला. चुलतीनं मात्र दोन दिवस अन्न घेतलं नाही.

पुढं जवळजवळ चाळीस वर्षांनी आमच्या घरी शाळेकडून विशेष शिक्षिका यायला लागल्या. शाळेत जाता न येणाऱ्या पोरांना घरी येऊन शिकवायची सोय समग्र शिक्षा योजनेत आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी सुनेला विचारलं, “भरवता कसं, ते दाखवा बरं.” सुनेनं मांडीवर घेतलं, मान मागं टेकवली. बाई घाईनं म्हणाल्या, “थांबा. असं दिलं तर घास श्वासनळीत जातो. तिथनं छातीत कफ होतो, न्यूमोनिया होतो. ताठ बसवायचं, मान थोडी पुढं, घास समोरून, खालच्या बाजूनं द्यायचा.”

मी उठून बाहेर गेलो. गोठ्यात बराच वेळ उभा होतो.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय. चुलतीच्या मायेत काही कमी होतं का? नव्हतं. तिच्याएवढी माया मी कुठं बघितली नाही. पण त्याच मायेच्या हातानं पोराच्या छातीत घास जात होता. मग दोष कुणाचा? तिचा नाही, असं मी ठामपणानं म्हणतो. जे कुणी सांगितलंच नाही त्याचा दोष माणसावर येत नाही. पण सांगितल्यावर? तिथनं पुढं माया हे कारण चालत नाही. आणि माझं नेमकं तिथंच चुकलं.

बाईंनी बरंच शिकवलं. गावच्या सुतारानं लिंबाच्या फळ्यांची, भिंतीच्या कोपऱ्यासारखी पाठ असलेली खुर्ची केली. तिच्यात खांदे पुढं राहतात, पोरगं मागं फेकलं जात नाही. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो जाड केला, म्हणजे मुठीत बसतो. ताटली उंच काठाची, खाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. बाईंकडं एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स होत्या. डेव्हिड वर्नर नावाच्या माणसानं मेक्सिकोतल्या अहोया नावाच्या खेड्यातल्या कामावरून १९८७ साली ते काढलेलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्रं कळली. लाकूड, जुनी टायरं, दोऱ्या. आमच्याच वाड्यातल्या वस्तू.

आता त्यानं स्वतः खायचं, असं ठरलं. सून रानात गेली की मी त्याला गुपचूप भरवायचो. अर्धा तास झगडून चार घास पोटात जाणार, ते मला बघवत नव्हतं. एक दिवस सून लवकर आली. आयुष्यात पहिल्यांदा मला उलटून बोलली. “मामा, तुमी हाय तवर भरवाल. मी हाय तवर मी भरवीन. म्होरं?” पुढं काहीच बोलली नाही. मलाही सुचलं नाही.

मी डाळिंबवाला माणूस. बहार धरायचा तर बागेला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं, झाड पिवळं पडताना बघत बसावं लागतं. हे मला पंचवीस वर्षं कळत होतं आणि नातवाच्या बाबतीत कळलं नाही. अर्थात पोर म्हणजे झाड नव्हे. लहान रोपाला कुणी ताण देत नाही, आणि किती ताण सोसतो हे झाड बोलून दाखवत नाही, नातू दाखवतो. दमला की मान फिरवतो. तेव्हा थांबायचं. हट्टानं शिकवणं हीसुद्धा एक जबरदस्तीच आहे, हे मी सुनेला सांगितलं आणि ते तिनं ऐकलं.

पण शिक्षणाचं एक मला खटकतं. बोलावणं येतं ते आईला. भाकरी तिनं करायची, खुरपायला तिनं जायचं, आणि व्यायाम घ्यायचं, बसवायचं, बोलायला लावायचं तेही तिनंच शिकायचं. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांचं शिबिर होतं, म्हणजे तीन दिवसांचा रोज बुडाला. तिथं सगळ्या आयाच. मी एकटा टोपीवाला, तर माझ्याकडं लोक पाहुणा आल्यासारखं बघत होते. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरलेत, पूर्वी ७ होते. चांगलं झालं. पण घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर सगळं ज्ञान टाकणं म्हणजे मदत नव्हे, ते आणखी एक ओझं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. आमच्याकडं तो मार्चअखेरीला वाटून मोकळे होतात. मी ग्रामसभेत म्हणालो, यातनं गावातच शिबिर घ्या, बाप आणि आज्यांना बोलवा, त्या दिवसाचा रोज द्या. हसले. एक जण म्हणाला, “आबा, भरवायला बी शिकवणी लावायची काय?”

त्याला चुलतीची गोष्ट सांगायची होती. भर सभेत ती तोंडातनं निघाली नाही. म्हणून इथं लिहिली.

आता रात्रीचं असं चालतं. दुधात कुस्करलेली भाकरी, जाड दांड्याचा चमचा. आठ-दहा घास तो स्वतः खातो, मान फिरवली की उरलेलं मी देतो, समोरून, खालच्या बाजूनं. सुनेला ते चालतं. माझा मुलगा मात्र जेवणाच्या वेळेला अजून मोबाईल घेऊन अंगणात जातो. पोराची लाज नाही त्याला, बघवत नाही. मला ते कळतं. मी खुर्चीशेजारी एक पाट रोज मांडून ठेवतो. परवा तो दारापर्यंत आला, चौकटीला टेकून थोडा वेळ उभा राहिला, आणि परत गेला.