नामानाच्या चाकरांची रीत

शास्त्रवाचन : २ राजे ५ : १-१४



नामान हा अरामाच्या राजाचा मोठा सेनापती. पण तो कोडी होता. अलीशा संदेष्ट्याने त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारण्यास सांगितले. उपाय अगदी सोपा. तरी नामान रागावला व पाठ फिरवून निघाला. तो तसाच घरी गेला असता, तर उपाय खरा असूनही त्याला काय लाभ झाला असता? त्याला परत आणले त्याच्या चाकरांनी. त्यांनी त्याला मूर्ख ठरवले नाही, की धाक घातला नाही. वडिलांशी बोलावे तसे ते मायेने व आदराने बोलले. आणि त्याही आधी अलीशाची वार्ता त्याच्या घरी पोहोचवली ती कैद करून आणलेल्या एका लहान मुलीने.

उपाय असणे ही एक गोष्ट, तो मनाला पटणे ही दुसरी.

आपल्या मुंबई इलाख्याने हा धडा मोठी किंमत देऊन गिरवला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व सरकारने सक्तीचा मार्ग धरला. इस्पितळात नेतात ते मारण्यासाठीच, अशा कंड्या पिकल्या आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढच्या वर्षी पुण्यात गोरे शिपाई घरांत शिरून झडत्या घेऊ लागले. लोकांचा संताप इतका वाढला, की २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली.

त्याच वर्षी दुसरी रीतही दिसली. हाफकिन या यहुदी शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. खोजा जमातीचे तरुण धर्मप्रमुख तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर ती टोचून घेतली. ‘टोचून घ्या’ आणि ‘मी टोचून घेतली आहे’, या दोन वाक्यांत केवढे अंतर!

मात्र लोकांच्या भीतीला हसू नये. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एका बाटलीतील लस दूषित होऊन १९ माणसे धनुर्वाताने दगावली. अशा गोष्टी लपवून मिळवलेला विश्वास टिकत नाही.

आता आपल्या टोकरखाड्याकडे येऊ. मागे मी एका घरी गेलो होतो. बाळाची गोवराची लस राहिली होती. मी त्या माउलीला फायदे सांगितले, मग रागे भरलो. ती मान खाली घालून “होय, पाळकसाहेब” म्हणाली. पण गेली नाही. पुढे शेजारीण तिच्याजवळ जाऊन बसली व एवढेच म्हणाली, “तुला भीती कशाची वाटते ग?” तेव्हा कळले, की थोरल्याला सुई दिल्यावर रात्रभर ताप होता, नवरा कारखान्यात रात्रपाळीला, आणि ही एकटी घाबरून गेली होती. शेजारीण म्हणाली, “ताप येतो कधी कधी, बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. माझ्याही पोरांना आला होता. बुधवारी मी तुझ्याबरोबर येते, आणि रात्री तुझ्याकडेच राहते.” बुधवारी दोघी बाळाला घेऊन गेल्या. मी उपदेश केला होता. शेजारणीने सोबत केली. मला माझी लाज वाटली.

कोणी म्हणतील, ‘आमची प्रार्थना पुरे आहे.’ पण ज्या देवाने नामानाला बरे केले, त्यानेच त्याला नदीवर पाठवले. प्रार्थना करणे आणि पाण्यात उतरणे यांत वैर नाही.

भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला व २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. हे नुसत्या भित्तिपत्रकांनी झाले नाही. लक्षावधी कार्यकर्ते तीच दारे पुन्हा पुन्हा ठोठावत राहिले. नकार देणाऱ्या वस्त्यांत तेथल्याच धर्मगुरूंनी त्यांना साथ दिली.

संडे स्कूलच्या शिक्षकांनो, तुम्ही घराघरांत जाता. आधी ऐका, मग खरे तेवढेच सांगा, शेवटी बरोबर चला. आणि वर्गातील लहान मुलीला कमी लेखू नका. नामानाच्या घरी वार्ता तिनेच नेली होती.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या जिभेला सत्य दे, कानांना धीर दे आणि पायांना शेजाऱ्याच्या दाराची वाट दाखव. आमेन.