न उघडलेलं पाकीट

पवनी तालुक्यातल्या कोंढ्यासारख्या धानाच्या गावात सोसायटीच्या पीककर्जाची नोटीस येते, आणि एखादा ते पाकीट न उघडताच फळीवर ठेवतो. छातीतली धडधड लगेच कमी होते. घोळ इथेच होतो! या सुटकेचीच मनाला चटक लागते, अशी मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॉरर यांनी १९४७ मध्ये केली. मग सोसायटीचा सचिव दिसला की माणूस वाट बदलतो, फोन उचलत नाही. आत काय लिहिलंय ते ठाऊक नसल्यानं रात्री आकडा फुगत जातो. मुदत टळली की व्याजाची सवलतही जाते, म्हणजे भीतीला आता खरंच कारण मिळालं. धीर येण्याची वाट कशाला पाहायची? आज नोटीस नुसती वाचा, सोसायटीत उद्या जा. झोपच उडाली असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.