अजून, आधी आणि पासून

उंबरमाळी

चि. बाय,

आवणी उरकली. आईच्या पायांना चिखल्या झाल्यात, कोकमतेल लावतेय. तिची काळजी करू नकोस. मला काळजी तुझी वाटते. परवा फोनवर म्हणालीस, रात्रपाळी संपली की सकाळच्या सिस्टरला इंग्रजीत सगळं सांगताना गडबडायला होतं. बेंगळुरूत मराठी कोण समजून घेणार? आणि पेशंटच्या बाबतीत वेळेचा शब्द चुकला, तर औषध दोनदा जाईल नाहीतर राहून जाईल. फोनवरचं विसरायला होतं, म्हणून लिहून धाडतोय.

आपलं ‘अजून’ दोन्हीकडे चालतं, घोटाळा तिथेच होतो. शहापूरच्या कॉलेजला जाताना फलाटावर कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलची वाट बघायचीस, ते आठव. गाडी अजून आली नाही, तिथे ‘येट’. व्हायचंय पण झालेलं नाही. गाडी अजून कसाऱ्यालाच उभी आहे, तिथे ‘स्टिल’. होतं तसंच चालू आहे. कधीच गेली, ‘ऑलरेडी’. आत्ताच गेली, ‘जस्ट’. आता वॉर्डात ये. ताप अजून आहे, स्टिल. सलाईन अजून लावलं नाही, येट. इंजेक्शन देऊन झालंय, ऑलरेडी. हे सांगायचं राहिलं, तर दुसरी सिस्टर पुन्हा सुई भरेल.

‘पासून’चंही तसंच. ताप रविवारपासून, तर ‘सिन्स’. तीन दिवसांपासून, तर ‘फॉर’. कधी सुरू झालं ते सिन्स, किती वेळ चाललंय ते फॉर. ‘सिन्स थ्री डेज’ भलेभले म्हणतात, तू म्हणू नकोस, बाळा.

उलटी दोन तासांपूर्वी झाली, म्हणजे या घडीपासून मागे मोजलं, तर ‘अगो’; त्याच्यासोबत ‘हॅज’ नको, ‘शी व्हॉमिटेड टू अवर्स अगो’ एवढं पुरे. ऑपरेशनच्या दोन तास आधी झाली, तर ‘बिफोर’. आणि बेळगावकडचा कुणी मराठी पेशंट ‘परवा’ म्हणाला, तर गेला की येणारा, ते विचारून मगच लिही.

2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणून तुला ते लहानपणीच भेटलं. आमच्या वेळी पाचवीत सुरू व्हायचं. मी मोठेपणीही तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन एकेक मराठी वाक्य इंग्रजीत फिरवत बसायचो, तू मांडीवर बसून पानं ओढायचीस. तीच सवय तूही लावून घे. पाळीवर जाण्याआधी वॉर्डातली चार-पाच वाक्यं अशी फिरवून बघ.

एवढं करूनही ऐन वेळी शब्द सुचला नाही, तर अंदाजाने काही लिहू नकोस. सरळ तारीख आणि घड्याळातली वेळ टाक; दुपारचे दोन असतील तर 14:00. औषधाच्या नोंदीत त्याहून पक्कं काही नाही. सीनियर सिस्टरला पुन्हा विचारायला लाजू नकोस. रात्रपाळीला उपाशी जाऊ नकोस, आणि पोचलीस की आईला फोन कर.

तुझा,
काका