सी म्हणजे कॉपी

ऑटोकॅडमध्ये सी दाबला की वर्तुळ येतं. कंपनीने तसं ठरवून दिलंय. आम्हा स्ट्रक्चरल ड्राफ्टिंगवाल्यांना वर्तुळ लागतं ते कॉलमच्या सळया दाखवण्यापुरतं. कॉपी मात्र दिवसभर लागते: एक बीम काढायचा आणि मजलाभर पसरवायचा. म्हणून माझ्याकडे सी म्हणजे कॉपी, आणि वर्तुळाला सीसी. आमच्या सांगलीतल्या बऱ्याच ऑफिसांत हेच दिसेल.

हा बदल ॲकॅड डॉट पीजीपी नावाच्या फाइलीत राहतो. फाइल साधी, नोटपॅडमध्ये उघडणारी. डावीकडे आपलं अक्षर, मग स्वल्पविराम, मग तारा आणि त्याला चिकटून पुरी कमांड. सेव्ह करायचं, ऑटोकॅडमध्ये रीइनिट ही कमांड द्यायची, की झालं. नवी पोरं वरच्या यादीत कंपनीची ओळ शोधतात आणि ती पुसतात. पुसायची गरज नसते. फाइलीच्या तळाला वापरणाऱ्याच्या ओळींसाठी वेगळी जागा आहे आणि तिथे सूचनाच आहे, की बदल इथे केलेत तर ते पुढच्या आवृत्तीत नीट जातील, आणि एकच अक्षर दोनदा आलं तर इथली ओळ धरली जाईल.

म्हणजे वरची ओळ जात नाही. खालची तिला बोलू देत नाही, एवढंच.

माझे वडील, तात्या, हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. अजूनही संध्याकाळी व्हरांड्यात शेजारचे दोघंतिघं जमतात आणि योगसूत्रं नाहीतर तर्कसंग्रह चालतो. मी भाजी निवडत ऐकते. पतंजलीच्या पहिल्या पादातलं 50 वं सूत्र आलं, की समाधीतल्या प्रज्ञेतून जो संस्कार उपजतो तो इतर संस्कारांना अडवतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती फाइल आली. पतंजलीही इथे पुसण्याची भाषा करत नाही, अडवण्याची करतो. पुढचं सूत्र आणखी कडक आहे: तो अडवणारा संस्कारही थांबला, की मग निर्बीज समाधी. खालची ओळ गेली तर माझ्याकडे मात्र समाधी लागत नाही, वर्तुळ येतं.

आणि खालची ओळ जाते. मागे ऑफिसात नवी आवृत्ती टाकायला आलेल्या मुलाने जुनी आधी काढून टाकली, सेटिंग्ज पुढे नेण्याचा पर्याय न वाचता बंद केला आणि चहाला गेला. ती फाइल असते ॲपडेटातल्या रोमिंग फोल्डरात, विंडोजने मुळातच लपवलेल्या जागी. तिथे आपलं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. दुपारी फुटिंगचं ड्रॉइंग जायचं होतं आणि मी दर मिनिटाला नको असलेली वर्तुळं काढत होते.

घरी येऊन तात्यांना सांगितलं, तर म्हणाले, “स्थितिस्थापक.” अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात 24 गुण मोजलेत, त्यांतला शेवटचा संस्कार, आणि त्याचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. गुंडाळलेली चटई सोडली की पुन्हा आपल्या मूळ आकारावर जाते, तो हा तिसरा. तो पृथ्वीत राहतो, जड वस्तूत. भावना म्हणजे अनुभवातून उरलेला ठसा, जो आठवणीचं कारण होतो, आणि ती राहते फक्त आत्म्यात. तात्यांच्या हिशेबाने कॉम्प्युटरच्या वाट्याला चटईचा गुण आला होता. आठवण ठेवणं हे त्याचं कामच नव्हे, त्यामुळे तो विसरला ही माझी तक्रारही गैरलागू.

मला हे निम्मं पटतं. फाइल काही आठवत नाही, हे खरं. माझ्या मशीनवर दुसरं कुणी बसलं की तीच फाइल त्याला छळते. त्याच्या बोटांना सी म्हणजे वर्तुळच हवं असतं. मग ठसा बोटांत आहे का? परवा ट्रेनी मुलगी म्हणाली, “मॅडम, हॅचच्या लेयरला तुम्ही काय दाबता?” मला सांगता येईना. रोज दाबते, पण तोंडाने येईना. शेवटी डावा हात कीबोर्डवर ठेवला, बोटं जाऊ दिली, आणि ती कुठे गेली हे खाली बघून तिला सांगितलं. तिला गंमत वाटली. मी तात्यांना म्हटलं, “बोट तर पार्थिव. तुमच्या शास्त्राप्रमाणे त्यात भावना राहूच शकत नाही. मग आत्म्याला माहीत नसलेलं बोटाला कसं माहीत?”

तात्या असल्या प्रश्नांवर खूश होतात. म्हणाले, संस्कार दिसतच नसतो, त्याचं काम दिसतं आणि त्यावरून तो ओळखायचा. जागा व्हायला त्याला निमित्त लागतं. न्यायसूत्रांत आठवण जागी करणाऱ्या कारणांची लांबलचक यादी आहे: सराव, साम्य, सुख, दुःख, भीती, वियोगसुद्धा. “तुझं निमित्त कीबोर्ड. मुलीने तोंडी विचारलं, तर ते निमित्तच नव्हतं.” उत्तर चोख आहे. फक्त त्यात आत्म्याच्या जागी मज्जासंस्था म्हटलं तरी वाक्य तसंच उभं राहतं, हे मी बोलून दाखवलं नाही.

खरा वाद फाइलीतल्या त्या सूचनेवरून झाला, बदल पुढच्या आवृत्तीत जातील या. नैयायिक पुनर्जन्माला जे पुरावे देतात त्यांतला एक असा: नुकतं जन्मलेलं मूल कुणी न शिकवता दूध ओढतं, ही मागल्या जन्मीच्या सरावाची खूण, अर्थात सराव करणारा तोच आत्मा इथवर आला असला पाहिजे. माझं म्हणणं, आपल्या ओळी जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत जातात तेव्हा कुणीही प्रवास करत नाही. जुनी आवृत्ती तिकडे, नवी इकडे, मध्ये फक्त मजकूर उतरवला जातो. तरी नव्या आवृत्तीत पहिल्याच दिवशी, कुणी न शिकवता, सी म्हणजे कॉपी. बौद्ध हेच म्हणत आले: प्रवाह पुढे जातो, त्यात कायमचा प्रवासी मानायचं कारण नाही. सवय पोचली, एवढ्यावरून सवयीचा मालक पोचला हे सिद्ध होत नाही.

तात्या थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “अगं, पण फाइलीला सी दाबायचा नसतो. दाबणारी तू दोन्हीकडे तीच आहेस, म्हणून तुला सोय झाली की गैरसोय झाली हे कळतं. तुला काढून टाक आणि मग सांग, पोचलं काय?”

यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. आहे ते इतकंच, की दाबणारीही तीच राहिलेली नाही. ड्रॉइंग बोर्डावर रोट्रिंग पेनने काम करत होते तेव्हाची मी ट्रेसिंगवरची चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायचे. तो हात आता ब्लेड धरायला गेला तर कागद फाडेल. पण हे तात्यांना मान्य होणार नाही. ते म्हणतील, खरवडत होते हे आठवतंय ना, मग आठवतंय कुणाला.

पीजीपीची एक प्रत मी आता स्वतःला मेल करून ठेवते. ऑफिसातल्या सगळ्यांना तेच करायला लावलंय, आणि कुणाची फाइल कुणाच्या मशीनवर टाकायची नाही असाही दंडक घातलाय. ट्रेनी मुलीने स्वतःच्या फाइलीत सी वर्तुळालाच ठेवलाय. ती म्हणते, मॅडम, उद्या दुसऱ्या ऑफिसात गेले तर तिथे कोण माझी फाइल विचारणार आहे!