पोर टीव्हीच्या ओटीत घातलंत!

पालकसभेला आलात, सतरंजीवर बसलात, वहीत सह्या केल्यात. आता ऐकून घ्या. दर वेळी मी पोरांची तक्रार करते. आज तक्रार तुमची आहे.

दुसरीच्या वर्गात मी एका म्हातारीची आणि तिच्या हरवलेल्या शेळीची गोष्ट सांगते. मग म्हणते, आता तुम्ही सांगा. पोरगं उभं राहतं आणि सुरू होतं, ‘मग त्यानं मारलं, मग तो उडाला, मग धडाम्!’ अरे, कोणी मारलं? गोष्टीत मारामारी होतीच कुठे? ‘शेळी का हरवली असेल?’ असं विचारलं की गप्प. माझ्या तोंडाकडे बघत राहतं. विचारलेल्याचं उत्तर द्यायचं असतं, याची सवयच त्याला नाही, कारण घरी त्याला कोणी काही विचारतच नाही.

तुमचं उत्तर मला पाठ आहे. ‘थो टीव्हीबिगर जेवतच नाही जी, मॅडम.’ कसा जेवेल? पहिले घास भरवताना समोर कार्टून कोणी लावलं? जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 सालीच बजावलं आहे, दोन वर्षांचं होईपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवूच नका आणि दोन ते चार या वयात दिवसाला तासाभराच्या वर नको. तुमच्याकडे सकाळी लावलेला टीव्ही लाइट गेली तरच बंद होतो.

मूल भाषा शिकतं ती माणसाकडून. ते बोबडं काही म्हणतं, आई उत्तर देते, ते पुन्हा काही म्हणतं. टीव्ही नुसता बोलतो, ऐकत नाही. अमेरिकेत दिमित्री ख्रिस्ताकिस या बालरोगतज्ज्ञानं तान्ह्या नि लहान मुलांच्या अंगावर आवाज टिपणारी यंत्रं लावून हे मोजलं. 2009 साली त्याचे आकडे आले. टीव्हीचा आवाज कानावर पडणाऱ्या प्रत्येक तासामागे मोठ्या माणसांचे सुमारे 770 शब्द मुलाच्या कानावर पडायचे राहतात, आणि मूलही कमी बोलतं. ‘थो पाहात नाही, नुसता चालू असते’ ही सबब म्हणूनच मला सांगू नका.

कोणी म्हणतं, ‘हिंदी तरी शिकते ना!’ कोणाच्या घरात गोंडी, कोणाच्या माडिया, कोणाच्या झाडीबोली. शाळेत मराठी. त्यात टीव्हीची हिंदी. आजी गोंडीतून बोलायची थांबली की पोराची पहिली भाषाच कच्ची राहते. मग त्यावर मी मराठी उभी कशी करू?

‘बाहेर वाघ आहे, पोराला कुठं सोडू?’ हे मात्र खरं आहे. तुम्हाला वाघाची भीती मी काय समजावणार? अंधार पडल्यावर पोराला बांधीकडे धाडू नका, हे मीच सांगते. पण घरात बसून पोराशी बोलायला वाघ आडवा येतो का? उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधता, तेव्हा त्याला शेजारी बसवा. 70 पानांचा एक पुडा, तर दहा पुड्यांची पानं किती? मोहफुलं किती वेचली, वाळल्यावर किती भरली, वजन का घटलं? हे कुठल्या कार्टूनमध्ये शिकवतात?

वेळ नाही म्हणता. रोवणीच्या दिवसांत तुम्ही कसे मोडून पडता, ते मला दिसतं. पण मालिकेला वेळ निघतो. रात्री साडेदहापर्यंत सगळं घर टीव्हीपुढे, आणि सकाळी पोर वर्गात पेंगतं. मंडईत रात्री नाटक पाहून दुसऱ्या दिवशी पेंगलं तर मी चालवून घेते. झाडीपट्टीचं नाटक पाहताना ते आजोबाला खेटून बसलेलं असतं, ‘हा कोण? थो काऊन रडते?’ म्हणून त्याला भंडावत असतं, आणि दुपारच्या सुट्टीत दुपट्ट्याचा फेटा बांधून स्वतःच खलनायक होतं. तुमच्या सासू-सुनांच्या मालिका पाहून एकही पोर असं खेळलेलं मला दिसलं नाही.

मी टीव्हीची वैरीण नाही. 2020 साली शाळा बंद पडल्या, तेव्हा 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका लागायची. मोबाइलला रेंज नसलेल्या गावात तिचा आधार होता. ज्या घरात आई शेजारी बसली आणि ‘चल, आपण करून पाहू’ म्हणाली, तिथली पोरं शिकली. जिथं पोराला एकटं बसवलं, तिथं धडा संपायच्या आत चॅनल बदललं.

सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव पाहा. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथं संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की साडेआठपर्यंत गावात टीव्ही बंद, मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला. ‘आमच्या गावात नाही जमत’ असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. याच गडचिरोलीनं 1993 साली दारूबंदी आणायला लावली. याच जिल्ह्यात मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं जंगलावरचा हक्क मिळवला. तुम्हाला घरातलं एक बटण दाबता येत नाही?

येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. सात ते साडेआठ टीव्ही बंद, मोबाइल बंद, बापाचासुद्धा. तेवढा वेळ पोराजवळ बसा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी अडत नाही. त्यानं वाचायचं, तुम्ही ऐकायचं आणि ‘मग काय झालं?’ एवढं विचारायचं. पुढच्या सभेला बापांनीही यायचं, आज चारच दिसताहेत. त्या दिवशी मी तुम्हाला काही विचारणार नाही, पोरांना विचारीन, घरी तुमच्याशी कोण बोललं? ‘टीव्ही’ असं उत्तर आलं, तर मी तुमच्या दारात येईन, आणि तेव्हा आजच्याइतकं गोड बोलणार नाही.