हुकमाने घेतलेले चुंबन

‘मोकळे व्हा’ असा हुकूम एखाद्याला करता येतो काय? हा प्रश्न मला तर्कशास्त्राच्या ग्रंथात भेटला नाही. एका चुंबनाच्या हकिकतीत भेटला.

१९४५ साली जपान शरण गेला आणि तेथे अमेरिकन लष्कराचा अंमल सुरू झाला. त्या अंमलात चित्रपटांवर देखरेख करणारे एक खाते होते. सूडकथा, सरंजामी निष्ठा, आत्महत्येचा गौरव यांस त्याने मनाई केली. एवढ्यावर न थांबता काय दाखवावे, हेही ते सुचवू लागले. प्रेम लपविणे ही जुनी खोड, ती मोडली पाहिजे, असे साहेबांचे मत. मग १९४६ च्या मे महिन्यात शोचिकू कंपनीच्या एका चित्रपटात नायक-नायिकेने पडद्यावर चुंबन घेतले. दोघांच्या ओठांमध्ये म्हणे जाळीचे कापड ठेवले होते! त्या कापडाइतके बोलके त्या चित्रपटात दुसरे काही असेल, असे मला वाटत नाही.

त्याच वर्षी हॉलिवूडचे बोलपट जपानभर पोचविणारी एक मध्यवर्ती संस्थाही टोकियोत उभी राहिली. लोकशाहीचे धडे आणि तिकिटे एकाच खिडकीवर.

तरी मी त्या अधिकाऱ्यांना ढोंगी म्हणणार नाही. बेचिराख झालेल्या देशात मी त्या खुर्चीवर असतो आणि हाराकिरीचे गोडवे गाणारा चित्रपट माझ्यापुढे आला असता, तर मीही कात्री उचलली असती. खरी अडचण येथूनच सुरू होते.

फुमिओ कामेई नावाचा एक दिग्दर्शक होता. त्याने काढलेला लढणाऱ्या शिपायांवरचा माहितीपट १९३९ साली जपानी सरकारने दडपला. १९४१ साली त्याला तुरुंगात टाकले. युद्ध संपल्यावर त्याने ‘जपानची शोकांतिका’ हा माहितीपट केला. त्यात सम्राटाचा लष्करी गणवेश पाहता पाहता विरघळतो आणि त्या जागी साधा कोट दिसू लागतो. अमेरिकन परीक्षकांनी चित्रपट संमत केला होता. पुढे पंतप्रधान योशिदांनी तो पाहिला आणि १९४६ च्या ऑगस्टमध्ये त्याच अमेरिकनांनी तो बंद केला. सम्राट त्यांना गादीवर हवा होता.

माझी कात्री त्या दिवशी मी खाली ठेवली असती काय? परीक्षण चालते, एवढे छापण्याचीही तेव्हा वर्तमानपत्रांना मनाई होती. मला विचारायला कोणी आलेच नसते.